मुळं बाहेर, पानं आत: सहकारनगरातल्या एका कासवाच्या अंगणाचं प्रकरण

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी सात वाजता काकूंचा फोन आला. "अगं, तू लावलेली मेथी गेली. सगळी गेली. चहा इथेच घे, पण आधी येऊन बघ."

जाऊन बघितलं तर मेथी होती, पण आडवी. मुळांसकट उपटून बाजूला पडलेली, मान टाकलेली. शेजारच्या वाफ्यातली पाथरीची भाजीही तशीच. आणि हा सगळा खटाटोप जिच्यासाठी केला होता ती बंडी विटेवर मागचे पाय ताणून निवांत ऊन खात होती.

मी परसबागा आणि गच्चीवरच्या बागा लावून देते. वाफा उकरलेला मी पुष्कळदा बघितला आहे. घुशीने उकरलेला, मांजरीने उकरलेला, पाहुण्यांच्या मुलांनी उकरलेला. कासवाचा हा पहिलाच अनुभव, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

बंड्याची बंडी

घर पुण्यातल्या सहकारनगरात, तळजाई टेकडीच्या चढाला लागून. जुना बंगला, पूर्वेला बारा बाय आठ फुटांची मोकळी पट्टी. घरात काका, काकू, काकूंच्या सासूबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी, आणि सुट्टीत येणारा नातू. आठ वर्षांपूर्वी या नातवाने दहा रुपयांच्या नाण्याएवढं कासव आणलं आणि त्याचं नाव बंड्या ठेवलं. डोळ्यामागे तांबडी पट्टी, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं पाणकासव. दुकानदार म्हणाला होता, एवढंच राहतं. दुकानदार असंच म्हणतात. बंड्या वीतभराहून मोठा झाला. मग कोणीतरी सांगितलं की नराच्या पुढच्या पायांची नखं चांगली लांब असतात आणि शेपूट जाड. याची नखं आखूड आणि शेपूट नावापुरती. बंड्याची बंडी झाली.

बागेचा विषय निघाला तो तिच्या आजारपणातून. काचेच्या टाकीत सहा-सात वर्षं तिने बहुतेक वाळवलेली कोळंबीच खाल्ली होती. डोळे सुजून मिटले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी अ जीवनसत्त्वाची कमतरता सांगितली, ढालही हवी तितकी टणक नाही म्हणाले. औषधाबरोबर दोन गोष्टी दिल्या: ऊन आणि हिरवा पाला. काकूंचं म्हणणं, टाकी तर रोज खिडकीशीच असते. पण अतिनील किरणांचा जो भाग अंगावर पडल्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही तो खिडकीच्या काचेतून आत येतच नाही. ड नाही, तर पोटात गेलेलं कॅल्शियम ढालीपर्यंत पोचत नाही. पाल्याचं कारण वेगळं. ही जात पिल्लूपणी मुख्यतः मांसाहारी असते, मोठेपणी पाल्याकडे वळते. वळायला पाला समोर असावा लागतो.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण लोक लगेच विचारतात. तारा कासव किंवा आपल्या तळ्यांतली देशी कासवं घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचून वास्तूसाठी कासव आणायला जाऊ नका. आणि स्लायडर नकोसं झालं म्हणून पाषाणच्या तळ्यात किंवा मुठेत सोडू नका. जगातल्या सर्वांत वाईट शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. एकदा आणलं की वीस-तीस वर्षांचा घरोबा.

पहिला आराखडा

दिवाळीनंतर काम सुरू केलं. पूर्वेच्या पट्टीत सहा बाय चार फुटांचा विटा-सिमेंटचा हौद, दीड फूट पाणी, म्हणजे साधारण हजार लिटर. ताज्या सिमेंटमधून चुना उतरतो, म्हणून तीनदा भरून, आठवडाभर ठेवून, ओतून दिला. हौदाला एका बाजूने उतार, उताराच्या टोकाला कोरडी जमीन आणि त्या जमिनीत तीन वाफे: मेथी, पाथरी आणि घोळ. भोवती दोन फूट भिंत, वर दोन इंची चौकटीची जाळी, कारण तळजाईकडून घारी येतात आणि मागच्या गल्लीत मुंगूस आहे.

कागदावर छान दिसत होतं. कासव सकाळी बाहेर येणार, चरणार, पाण्यात जाणार.

चूक इथेच होती, आणि ती शब्दातली होती. मराठीत जमिनीवरचं काय, पाण्यातलं काय, दोन्ही कासवंच. मी जे वाचलं, ज्यांना विचारलं, ते सगळं जमिनीवर चरणाऱ्या कासवांबद्दल होतं. ती कासवं गाईसारखी फिरत चरतात. बंडीच्या जातीला घास गिळायला पाणी लागतं; तोंड पाण्याखाली असेल तरच खाणं नीट आत सरकतं. कोरड्या वाफ्यातल्या मेथीकडे ती बघत होती ते बागेतल्या बाकाकडे बघावं तसं. तीन महिन्यांत तिने मेथीचं एक पान खाल्लं असेल तर शपथ.

मग उपटली का?

खड्डा

वाफ्याजवळ उकिडवी बसून बघितलं. पानं अख्खी. स्लायडरला दात नसतात, चोचीसारखा जबडा असतो, आणि त्याने तोडलेल्या पानाला खाचा पडलेल्या दिसतात. इथे एकही खाच नव्हती. माती मात्र मागे फेकली गेली होती, आणि मधोमध एक खड्डा. वर तोंड लहान, आत पोट मोठं, सुरईसारखा. काठची माती ओली, आणि त्या दिवशी वाफ्यांना पाणी दिलेलं नव्हतं. असे अर्धवट खड्डे आणखी दोन होते.

घुशीचा खड्डा तिरपा जातो. मांजर वरवर उकरून झाकते. हा खड्डा मागच्या पायांनी, एका जागी उभं राहून, सावकाश खणलेला होता, आणि माती भिजवायला अंगातलं पाणी वापरलेलं होतं.

"काकू, ही अंडी घालायला जागा शोधते आहे."

"एकटी? सात वर्षं एकटीच आहे ती!"

कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते तसंच. फळत नाहीत, पण घालावी लागतात. आणि हवी तशी माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात; ते जिवावर बेतू शकतं. ती बिचारी तीन-चार दिवस माझ्या मेथीत प्रयत्न करत होती आणि मी दर दोन दिवसांनी माती सारखी करून नवं बी टाकत होते. वाफा खणण्याजोगा मऊ, भुसभुशीत आणि ओलसर मीच केला होता, फक्त खोली सहा इंच. खाली मुरूम लागत होता. मुरमाला पाय टेकला की खड्डा सोडून दुसरीकडे.

त्याच दुपारी घोळीचा वाफा मोडला. मुरूम काढून सव्वा फूट खोल खड्डा केला, त्यात माती आणि वाळू निम्मीनिम्मी, दाबली तर गोळा होईल इतकी ओली. आजींनी दारातून बघितलं आणि म्हणाल्या, "बाळंतिणीची खोली झाली म्हणायची." तेच नाव पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंडी त्या खोलीत दीड तास होती. काकांनी नंतर हाताने उकरलं: नऊ अंडी, पांढरी, लांबट, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी. मेथी आणि पाथरीच्या वाफ्यांकडे ती पुन्हा फिरकली नाही.

दुसरा आराखडा

मार्चमध्ये सगळं उलटं केलं. विचार एवढाच: झाडाची मुळं कुंपणाबाहेर, पानं कुंपणाच्या आत, आणि तीही पाण्यावर. बंडीला जमिनीवर फक्त ऊन आणि बाळंतिणीची खोली. खाणं सगळं हौदात पडलं किंवा लोंबलं पाहिजे.

हौदाच्या उत्तरेला, भिंतीच्या बाहेर, अर्धे कापलेले चार ड्रम ठेवले. उत्तरेला, म्हणजे झाडांची सावली ऊन खायच्या जागेवर येत नाही. दोन ड्रमांत देशी लाल जास्वंद, एकात तुती, एकात रताळ्याचा वेल. जाळीच्या दोन इंची चौकटीतून फांद्या आत ओढून घेतल्या. वेल तर स्वतःच उतरला. पंधरा दिवसांत त्याचे शेंडे पाण्याला टेकले आणि टेकलेला प्रत्येक शेंडा सकाळपर्यंत खुडलेला. झाडाला काही फरक पडत नाही, उलट खुडल्याने फुटवे वाढतात. मागच्या दाराशी शेवगा होताच. त्याचा पाला कॅल्शियमसाठी चांगला. काका आठवड्यातून दोनदा एक डहाळी तोडून पाण्यात टाकतात.

पाण्याच्या आत वेगळी तऱ्हा. नाळीची भाजी लावली, हॉटेलवाले जिला कांगकाँग म्हणतात ती. मंडईत भाजी भरतात तो प्लॅस्टिकचा क्रेट घेतला, त्यात बंडीच्या तोंडात मावणार नाहीत एवढे दगड, त्यांत मुळं. कोंब भोकांतून बाहेर येतात आणि पाण्यावर पसरतात. तेवढेच तिच्या वाटणीचे. पहिल्या आठवड्यात तिने क्रेट उलथला. मी नायलॉनच्या दोरीने बांधला. तिसऱ्या दिवशी त्या दोरीत तिचा मागचा पाय अडकलेला काकूंनी बघितला, तोही उथळ पाण्याच्या बाजूला, म्हणून डोकं वर राहिलं. खोल बाजूला असती तर बुडाली असती. पाण्यातलं असलं तरी कासवाला श्वास हवेतच घ्यावा लागतो. दोरीचा निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता. आता क्रेटभोवती पीव्हीसी पाइपची चौकट आहे, भिंतीला पक्की, कुठेही सैल टोक नाही.

अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, मात्र हौदात नाही. मुळशीकडे एक गोठेवाले जनावरांसाठी करतात, त्यांच्याकडून ओंजळभर आणला. कोरड्या वजनात वीस ते तीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, आणि जमला तर चार-पाच दिवसांत दुप्पट. पण हौदात टाकला तर बंडी एका दिवसात फडशा पाडते, बी सुद्धा उरत नाही. म्हणून दोन उथळ टब बाहेर, वीतभर पाण्याचे, आणि रोज चहाच्या गाळणीने एक गाळणी आत. टबात गप्पी मासे सोडले, नाहीतर पावसाळ्यात डासांच्या अळ्या. तेच मासे हौदात सोडले होते तेव्हा चार दिवस टिकले.

काय काढलं

लावण्यापेक्षा काढण्याला जास्त वेळ लागला, कारण काढायच्या प्रत्येक झाडामागे घरातलं कोणीतरी उभं होतं.

हौदाचं जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथे अळू. अळू सांडपाण्याच्या मोरीशीच लावायचं असतं, हे आजींच्या माहेरापासून चालत आलेलं. कच्च्या अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांनीच. आपण चिंच घालून शिजवतो. बंडी शिजवत नाही. मोठं पान वाकून जाळीतून आत आलं की झालं. आजींना हे पटायला वेळ लागला नाही, कारण न शिजलेल्या फदफद्याने त्यांचे स्वतःचे ओठ एकदा सुजले होते. अळू मागच्या मोरीवर गेलं.

कण्हेर अवघड गेली. दक्षिणेच्या भिंतीशी पूजेच्या फुलांसाठी गुलाबी कण्हेर, शेजारी पिवळी. दोन्हींच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष, आणि फुलं वाऱ्याने थेट पाण्यात. पाण्यात पडलेलं ते अन्न, असं शिकवायला तर आम्ही बसलो होतो. काकू म्हणाल्या, छाटते. मी म्हटलं, छाटून चालणार नाही. दोन दिवस अबोला, मग काकांनी माळ्याला बोलावून मुळापासून काढली. तगर आणि सदाफुली पुढच्या अंगणात गेल्या. पूजेसाठी उरली जास्वंद, आणि तिच्यात आता दोन वाटेकरी. सकाळचं पहिलं फूल गणपतीचं, बाकीची बंडीची, हा तह आजींनी केला.

घोळ आणि पालक यांवर बंदी नाही, पण कधीतरीच. त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि आमचं सगळं घोडं कॅल्शियमवर अडलेलं. रोजच्या पाल्यात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम असावं असा ढोबळ हिशेब आहे. शेवगा आणि तुतीची पानं त्यात बसतात. जलपर्णी कोणी मुठेतून फुकट आणून देतो म्हणालं. नको. ती पाण्यातले जड धातू शोषून घेते, आणि मुठेचं पाणी आपण जाणतो.

नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीबद्दल एक सांगायचं राहिलं. रोपांवर बहुतेक वेळा अंगात मुरणारं कीटकनाशक मारलेलं असतं, पानं धुऊन ते जात नाही. माती झटकून, नव्या मातीत लावून, दोन महिने जाळीपासून लांब ठेवली. जुनी पानं काढून टाकली, नव्या पालवीवरच बंडीला सोडलं. एवढं करूनही ऑगस्टमध्ये फांद्यांवर पांढरा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, आला आणि नेहमीच्या माळ्याने, चांगल्या मनाने, पाठीवरचा पंप आणून फवारणी केली. काकूंना वास आला म्हणून कळलं. बंडी तीन आठवडे बादलीत, हौद दोनदा रिकामा, जास्वंदीची छाटणी बुंध्यापर्यंत. आता मिलीबग पाण्याच्या फवाऱ्याने पाडतो. पूर्ण जात नाही.

मेथी कोणाची

मेथी शेवटी घरच्यांसाठीच लावायची ठरली, पुढच्या अंगणात. तिथे एक वाद झाला. हौदाचं पाणी आठवड्याला निम्मं बदलतो, म्हणजे पाचशे लिटर. हिरवट, वासाचं, झाडांना एक नंबर. आजींचा आग्रह, ते मेथीला आणि कोथिंबिरीला द्या, एवढं खत कोण विकत देतं. पण कासवं तब्येतीने ठणठणीत असली तरी त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू जाऊ शकतो. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती लहान मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे. कोथिंबीर आपण कच्ची खातो. म्हणून हौदाचं पाणी ड्रमांना, शेवग्याला आणि मागच्या केळीला; पालेभाजीला नळाचं. बंडीला हाताळल्यावर साबण, हा नियम नातवापेक्षा काकांना जास्त लागू करावा लागला.

वर्षाचा हिशेब

मे महिन्यात पारा चाळिशीला गेला आणि अझोला आधी कडेने लाल झाला, मग विटकरी, मग चिखल. लाल होणं म्हणजे झाड त्रासात आहे एवढं कळतं. मला ते शोभेचं वाटलं होतं आणि मी फोटो काढले. निम्म्या हौदावर आणि दोन्ही टबांवर हिरवी नेट टाकायला आठ दिवस उशीर झाला. नाळीच्या भाजीला मात्र उन्हाने काही झालं नाही.

जून ते सप्टेंबर सुगीचा काळ. तुती इतकी फुटली की शेजारच्या बंगल्यातही पाला गेला. भिंतीच्या कडेने केना आणि पाथरी आपोआप उगवली, मी लावलेली रुजत नव्हती ती. पण सलग आठ-दहा दिवस ऊन नसलं की बंडी विटेवर येते आणि तशीच परत जाते.

जानेवारीत रात्री दहा अंशांवर गेल्या, हौदाचं पाणी सकाळी पंधराच्या आसपास. तिने खाणं जवळजवळ सोडलं. काकूंनी घाबरून कोळंबीचा डबा पुन्हा काढला होता. तो ठेवायला लावला. थंड पाण्यात पचन मंदावतं आणि आत गेलेलं पोटात कुजतं. तीन आठवडे वेल अस्ताव्यस्त वाढले, कोणी खुडायला नाही. संक्रांतीनंतर ऊन तापलं तशी एक दिवस रताळ्याच्या पानाला खाच दिसली.

डोळे पहिल्या चार महिन्यांतच उघडले होते, त्यात औषधाचा वाटा मोठा. ढाल आता टणक आहे, असं डॉक्टर म्हणाले. कोळंबी आठवड्यातून एकदा, बाकी दाण्याचं तयार खाणं थोडं आणि पाला. पाल्यासाठी भाजीवाल्याकडे जायची वेळ थंडीतही आली नाही.

हे लिहिते आहे तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा आहे. यंदा अझोल्याचे टब मागच्या पॅसेजमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी हलवलेत. तिथे सकाळचं तासभरच ऊन येतं. बाळंतिणीच्या खोलीची माती बदलून झाली, आणि काल संध्याकाळी काकूंचा निरोप होता: "खणायला लागली आहे. मेथीला हात नाही."